खांद्यावरचं टिचबटण

तिला सगळे टाचणी म्हणत. खरं नाव होतं, पण ते शाळेच्या हजेरीपटापुरतं. अंगाने काडी, जिभेला टोक, आणि आई कपडे शिवणारी. मग लोक दुसरं काय म्हणणार? आईलाही गल्लीत कुणी नावाने हाक मारत नसे. ती सगळ्यांची 'मास्तर'. दुकानाच्या पाटीवर आधीच्या मालकाने 'टेलर मास्तर' असं रंगवून ठेवलं होतं, आणि पाटी बदलण्यापेक्षा आपणच मास्तर झालेलं बरं, असं आईचं म्हणणं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दाराशी शिवणयंत्र, भिंतीला कापायचं टेबल, कोपऱ्यात एक उंच आरसा, त्याला मधोमध तडा. गिऱ्हाइकाला आई आरशाच्या वरच्या किंवा खालच्या अर्ध्यात बघायला सांगायची. पूर्ण माणूस त्यात कधी दिसलाच नाही.

बाबा मोठ्या हॉस्पिटलात लिफ्टमन. अठरा वर्षं एका स्टुलावर बसून त्यांनी डॉक्टरांना वर नेलं आणि खाली आणलं. कुठला डॉक्टर कुठल्या मजल्यावर उतरतो, कोण उतरताना 'थँक्यू' म्हणतो आणि कोण फोनमधून डोकंही वर काढत नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. टाचणी सहावीत असताना विज्ञानात पहिली आली, त्या दिवशी बाबांनी ठरवून टाकलं. "माझी पोरगी डॉक्टर होणार," ते पाहुण्यांना सांगत. टाचणीने कधी नाही म्हटलं नाही. अभ्यास जमत होता, बाबांचा चेहरा फुलत होता, मग नाही कशाला म्हणा?

ती सतरा वर्षांची झाली. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा पेपर देऊन घरी आली आणि दोन दिवस झोपली. तिसऱ्या दिवशी आईने डबा हातात दिला. "झोपून झोपून गादीला खड्डा पडला. जा, बाबांना देऊन ये."

डबा देऊन ती जिन्याने खाली येत होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला लांबलचक व्हरांडा दिसला, आणि व्हरांड्यात एक म्हातारा माणूस. एका हाताने सलाइनचा खांब ढकलत तो पाऊल पाऊल टाकत चालला होता. दुसरा हात पाठीमागे. अंगात हॉस्पिटलचा गाऊन, पाठीवर उघडा, मानेपाशी एक नाडी आणि कमरेपाशी तुटलेली दुसरी. मागच्या हाताने तो गाऊनच्या दोन कडा एकत्र धरायला बघत होता, पण कडा हातात येत नव्हत्या. मागून दोन बायका फळांची पिशवी घेऊन बोलत चालल्या होत्या. त्यांनी नजर वळवली.

म्हातारा वळला आणि टाचणी पायरीवरच थांबली. ते तिचे गणिताचे सर होते.

हेच सर वर्गात शिरले की चाळीस पोरं आपोआप ताठ होत. शर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. खडूची पूड बाहीवर पडली तर फळ्याकडे तोंड करून झटकणार, वर्गाकडे नाही. त्या सरांनी टाचणीला पाहिलं, आणि झटकन भिंतीला पाठ टेकली. सलाइनचा खांब डुगडुगला.

"परीक्षा कशी गेली?" त्यांनी विचारलं. आवाज वर्गातलाच होता.

"बरी गेली, सर."

"छान. जा तू. पुढे हो."

ती पुढे झाली. मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही. सर भिंतीला पाठ लावून उभे आहेत, आपण दिसेनाशा झाल्याशिवाय ते हलणार नाहीत, हे तिला न बघताही कळत होतं. उरलेला जिना ती धावत उतरली. सर आठवड्याभराने बरे होऊन घरी गेले, पण त्या मिनिटभराने टाचणी जी हादरली ती हादरलीच.

घरी येऊन तिने आईला सांगितलं. सांगता सांगता रडायला लागली. आईने यंत्राचं चाक हाताने थांबवलं.

"पाठ उघडी का ठेवतात?" आईने विचारलं.

"तपासायला. सुई द्यायला. पडलेल्या माणसाच्या अंगात घालता यायला."

"हं. म्हणजे उघडता यायला पाहिजे. उघडं राहायला पाहिजे असं कुठंय?"

आईने कपाटातून एक जुनी चादर काढली आणि टेबलावर पसरली. टाचणी वहीत रेघा ओढत राहिली आणि आई कापत राहिली. संध्याकाळपर्यंत पहिला गाऊन झाला. पाठीवर कापडाचे दोन पदर एकमेकांवर चढतील असे, आणि बांधायचे बंद कुशीला, म्हणजे झोपलेल्या माणसाला गाठ टोचणार नाही आणि त्याची त्याला बांधता येईल. सलाइन लावलेला हात बाहीतून काढता येत नाही, म्हणून टाचणीने खांद्यावर उघडणारी शिवण सुचवली. तिथे आई नाडी लावत होती.

"नाड्या नको," टाचणी म्हणाली. "नर्सला गाठी मारत बसायला वेळ नसतो. टिचबटणं लाव. टिच केलं की बंद."

"नाडी धुतली तरी नाडीच राहते. बटणाचं सांगता येत नाही."

"आई, तू कधी वॉर्ड पाहिलायस का?"

आईने पाहिला नव्हता. तिने खोक्यातून चकचकीत धातूची टिचबटणं काढून दिली. ती अंगाला टोचू नयेत म्हणून टाचणीनेच आतून-बाहेरून कापडाची पट्टी सुचवली. बटण दिसणारही नाही. स्वतःच्या या कल्पनेवर ती फार खूश होती.

बाबांनी घाबरत घाबरत तो गाऊन मेट्रनबाईंना दाखवला. मेट्रनबाई म्हणजे हॉस्पिटलातल्या सगळ्या नर्सेसच्या वरच्या. त्यांच्यापुढे डॉक्टरही आवाज खाली करत. बाईंनी गाऊन उलटापालटा केला, स्वतःच्या साडीवरून चढवला, व्हरांड्यात दहा पावलं चालून आल्या आणि म्हणाल्या, "वीस आणा." वीस गेले. पंधरा दिवसांनी निरोप आला: दीडशे.

टाचणी चक्रावलीच. वहीतली रेघ कुणाच्या तरी अंगावर चढून हिंडत होती! ती दिवसभर आईच्या मागे. कापड निवडायला जा, धुऊन आटतं का बघ, लहान-मध्यम-मोठे असे साचे काप. दुसऱ्या एका हॉस्पिटलातून विचारणा आली, तेव्हा तर तिचे पाय जमिनीवरून सुटलेच. वहीच्या मागच्या पानावर तिने कारखान्याचा नकाशा काढला. खिडक्या कुठे, यंत्रं कुठे, स्वतःचं टेबल कुठे. मेडिकल हा शब्द तिच्या डोक्यातून कधी निसटला हे तिलाही कळलं नाही.

आणि निकाल लागला.

तो तिच्याआधी बाबांना कळला. लिफ्टमध्ये चढलेल्या एका ओळखीच्या डॉक्टरने आपल्या फोनवर नंबर टाकून पाहिला आणि म्हणाला, "मामा, लागला की नंबर! सरकारी कॉलेज मिळणार." बाबांनी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबवली आणि तोंडावर टोपी धरून रडले. बाहेर लोक दारं बडवत होते. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याविरुद्ध तक्रार गेली, आणि ती तक्रारही ते पुढे मोठ्या अभिमानाने सांगत.

घरी फोन आला तेव्हा टाचणी गाऊनचे बंद उलटवत होती. आनंद होईल अशी तिने वाट पाहिली. तो आला नाही. जागा पक्की करायला सतरा दिवस होते.

चौथ्या दिवशी जेवताना तिने बोलून टाकलं. "बाबा, मी मेडिकलला जात नाही. मी गाऊनचा धंदा करणार."

बाबांचा घास हातातच राहिला. ते आईकडे बघायला लागले, जणू टाचणी परक्या भाषेत बोलली आणि आई आता अर्थ सांगणार आहे. आई पाणी वाढत होती. तिने तांब्या पुढच्या भांड्याकडे नेला.

"धंदा काय, कधीही करता येतो," शेवटी बाबा म्हणाले.

"आणि डॉक्टर कधीही होता येत नाही, हेच ना? माहितीय मला."

"तुला काही माहीत नाही," बाबा म्हणाले आणि ताट तसंच ठेवून उठले. त्यानंतर अबोला. चहाचा कप लागला तरी 'हिला सांग' म्हणून आईकडे निरोप. घर दोन खोल्यांचं. निरोप ज्याला पोचवायचा तो हातभर अंतरावर उभा असायचा.

तो अबोला मोडला, पण असा मोडावा असं कुणालाच वाटलं नसतं.

दुपारी बारा वाजता बाबा घरी आले. ड्यूटी सोडून भर दुपारी बाबा घरी, हे टाचणीने जन्मात पाहिलं नव्हतं. गणवेशाची टोपी हातात. दारातच उभे राहिले.

"तुझ्या गाऊनने एक बाई भाजल्या," ते म्हणाले.

टाचणीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. कापडाने माणूस भाजतो?

"एमआरआयच्या मशीनमध्ये. खांद्याला. मीच त्यांना खाली नेऊन सोडलं होतं, स्ट्रेचरवरून. हसत गेल्या."

तिच्या हातातली कात्री टेबलावर पडली, तिथून जमिनीवर. कात्री पडली की आई नेहमी ओरडायची. आज आईने नुसतं पाहिलं. मग पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "चल."

मेट्रनबाईंच्या खोलीत एक तरुण डॉक्टर आधीच उभा होता, रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले. टेबलावर गाऊन पडलेला. खांद्यावरची पट्टी उलटवलेली आणि तिच्याखाली ते टिचबटण, चकचकीत, निर्लज्ज.

"हे कोणी लावलं?" डॉक्टरने विचारलं.

आईने तोंड उघडायच्या आत टाचणी म्हणाली, "मी."

डॉक्टरने तिच्याकडे नीट पाहिलं. बहुधा त्याला कुणीतरी मोठं माणूस अपेक्षित होतं. तो रागावला मात्र नाही. ते तिला जास्त लागलं. त्याने सांगितलं की त्या मशीनमध्ये मोठं चुंबक असतं, त्यातून लहरी सोडतात, आणि अंगावरचा धातू कधी कधी तापतो. म्हणून आत नेण्याआधी अंगावरचं सगळं तपासतात. साखळी, अंगठी, केसातली पिन. "हॉस्पिटलच्या गाऊनला धातू नसतो, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं. तरी तपासलं. पण हे पट्टीखाली होतं. दिसलंच नाही."

दिसलंच नाही. ती पट्टी टाचणीच्या डोळ्यांपुढे नाचायला लागली.

"चूक आमचीही आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "बटण कशाचं आहे हे तुम्ही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. सगळे गाऊन आजच्या आज परत न्या."

टाचणी म्हणाली, "मला त्यांना भेटायचंय."

त्या बाई निवृत्त बस कंडक्टर. वॉर्डातल्या सगळ्यांच्या तोंडी त्या 'कंडक्टरबाई' झाल्या होत्या. पाठीच्या मणक्याचं दुखणं घेऊन आलेल्या, अंगाने भरदार, आवाज असा की शेवटच्या सीटपर्यंत पोचावा. उजव्या खांद्यावर रुपयाएवढा फोड, पाण्याने भरलेला. तापायला लागल्याबरोबर त्यांनी हातातली घंटी दाबली होती आणि त्यांना लगेच बाहेर ओढलं होतं, म्हणून तेवढ्यावर निभावलं.

टाचणी पलंगाशी उभी राहिली. वाटेत पाठ केलेलं सगळं वाक्य विसरली. तोंडातून निघालं ते एवढंच: "दुखतंय का?"

"नाही, गुदगुल्या होतायत," कंडक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला. "तू कोण गं?"

"बटण मी लावलं."

बाईंनी उशीवरून मान वर केली. शेजारच्या पलंगावरचं माणूसही कुशीवर वळलं. टाचणीला वाटलं, आता या आपल्याला फैलावर घेतील, आणि घ्यावंच. पण बाई तिला आपादमस्तक न्याहाळत होत्या.

"शाळेत आहेस?"

"संपली."

"गाऊन झकास आहे," बाई म्हणाल्या. "पाठ झाकलेली राहते. मागच्या खेपेला मी इथं आले होते, तेव्हा चार दिवस पलंगावरून उतरले नाही, लाजेने. बटण तेवढं काढ. आणि रडू नकोस, मला रडणारं माणूस समोर असलं की भूक लागत नाही."

पण ती रडलीच. घरी येईपर्यंत रडली. दोन खेपांत रिक्षा भरून गाऊन परत आले आणि खोलीत ढीग लागला, खिडकीच्या वरपर्यंत. आई खाली बसून एकेक बटण उसवायला लागली. टाचणी तिच्यासमोर बसली. संध्याकाळपर्यंत नुसता टाका तुटल्याचा आवाज आणि पत्र्याच्या डब्यात बटण पडल्याचा.

शेवटी टाचणीने डोळे पुसले. "आई, माझं ठरलं. मी मेडिकलला जातच नाही. मी चूक केली, मीच निस्तरणार. आता हा धंदा मी नीट करणार. सगळं शिकून."

आईने उसवणी खाली ठेवली. "कुठला धंदा?"

"हाच. माझा."

"तुझा?"

आईने असा काही आवाज काढला की आतल्या खोलीतून बाबांनी डोकं बाहेर काढलं.

"साचा कुणी कापला? पदरावर पदर कुणी चढवला? कुशीला बंद कुणी आणला? दीडशे गाऊन कुणाच्या पायाने शिवून झाले? तू वहीत रेघा ओढल्यास. आयत्या पिठावर रेघोट्या. एक गोष्ट तुझ्या डोक्याने केली, ती ही," आईने डबा खडखडवला, "आणि नाडी लाव म्हणून मी सांगत होते."

टाचणीने डब्यातल्या बटणांकडे पाहिलं.

"हा धंदा माझा आहे," आई म्हणाली. "शेजारचं सायकलदुरुस्तीचं बंद दुकान मी परवाच भाड्याने घेतलंय. दुसऱ्या हॉस्पिटलाला मी होकार कळवलाय. दोन बायका सोमवारपासून येतायत. लग्नाआधी मी कारखान्यात कॉलरी लावायचे, तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे की आपलं स्वतःचं काहीतरी असावं. मग हे लग्न, मग तू, मग तुझा अभ्यास. आता कुठे हाताशी आलं तर तू म्हणतेस माझा! तुम्ही बापलेक चार दिवस भांडताय, ही धंदा करणार का डॉक्टर होणार. मला कुणी विचारलं का, मास्तर, तुझं काय?"

बाबा दारात खांबासारखे उभे. हे दुकान त्यांनाही माहीत नव्हतं. "अगं, भाड्याने घेतलंस? मला न सांगता?"

"तुम्ही बोलत कुठे होतात घरात," आई म्हणाली. मग टाचणीकडे वळली. "तुला मी कामावरून काढलंय."

टाचणीला कानाखाली बसल्यासारखं झालं. भाजलेल्या बाईंची बातमी ऐकून ती हादरली होती, पण हे वेगळं होतं. निकाल लागल्यापासून ती समजत होती की आपल्यापुढे दोन ताटं वाढून ठेवलीत आणि कुठल्यावर बसायचं एवढंच ठरवायचंय. त्यातलं एक ताट मुळात आईचं होतं. आईला भूक असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. सतरा वर्षं ज्या बाईच्या यंत्राच्या आवाजावर ती झोपली आणि उठली, त्या बाईला काही हवं असू शकतं!

"मग मी काय करू?" ती कशीबशी म्हणाली.

"मला काय ठाऊक? डॉक्टर हो, नाहीतर दुसरा धंदा काढ. डोकं आहे तुला, हातही आहेत. फक्त माझ्या यंत्रावर नाही." आणि आईने पुढचा गाऊन ओढून घेतला.

बाबा आतल्या आत खूश झाले असतील, पण त्यांनी शहाणपणा केला आणि गप्प बसले. टाचणी मात्र हट्टाला पेटली. एक दार बंद झालं म्हणून दुसऱ्यात शिरायचं, हे तिला मान्य नव्हतं. असं कोण डॉक्टर होतं? दिवस मोजून नऊ उरले होते.

ती रोज कंडक्टरबाईंकडे जायला लागली. का, हे तिने कुणाला सांगितलं नाही. विचारलं असतं तर म्हणाली असती, माझ्यामुळे झालं म्हणून. बाईंना वर्तमानपत्र वाचून दाखवायची, पाणी भरून ठेवायची. आणि सकाळी तो तरुण डॉक्टर पट्टी बदलायला आला की ती पलंगाच्या त्या बाजूला जाऊन उभी राहायची.

पहिल्या दिवशी तिला बघवेना. फोड फुटला होता, खालचं मांस लालभडक, ओलं. तिने तोंड खिडकीकडे वळवलं. तिसऱ्या दिवशी ती लाली जरा मंद झाली. पाचव्या दिवशी डॉक्टरने पट्टी सोडवली आणि टाचणी पुढे वाकली, इतकी की त्याला म्हणावं लागलं, "जरा उजेड सोड."

जखमेच्या कडेने एक बारीक रेघ आली होती. गुलाबी, पातळ, तेलकट कागदासारखी. काल ती नव्हती.

"हे काय आहे?"

"नवी कातडी. कडेने आत सरकत येते."

"कोण आणतं तिला?"

डॉक्टर हसला. "कुणी नाही. आपण जखम फक्त स्वच्छ ठेवायची."

टाचणी त्या रेघेकडे बघतच राहिली. जन्मल्यापासून तिने फाटकं कापड बघितलं होतं. कापड फाटलं की ते फाटलेलंच. रफू करा, ठिगळ लावा, खूण राहणारच, आणि ते कुणीतरी सुईदोरा घेऊन बसल्याशिवाय होणार नाही. इथे कुणी बसलं नव्हतं. कुणी टाका घातला नव्हता. बाई रात्रभर घोरत होत्या आणि त्यांच्या खांद्यावर काठ जुळत होते. जीवशास्त्राच्या पुस्तकात हे सगळं होतं, तिला त्यात पैकीच्या पैकी मिळाले होते, आणि तिला त्यातलं काहीएक ठाऊक नव्हतं.

"पण तिला थांबायचं कधी ते कसं कळतं?" तिने विचारलं. "दोन्ही कडा भेटल्यावर?"

डॉक्टरचा हात थांबला. "चांगला प्रश्न आहे. थोडंफार माहीत आहे. सगळं नाही, निदान मला तरी."

"तुम्हाला माहीत नाही?"

"मला? मला झोप कधी मिळेल हेही माहीत नाही."

कंडक्टरबाई पालथ्या पडल्या पडल्या ओरडल्या, "अरे, माझ्या खांद्यावर शाळा भरवली काय तुम्ही? पट्टी बांधा आधी!"

त्या दिवशी टाचणी जिन्याने उतरली ती कठडा धरून, पायरी पायरीवर थांबत. घाबरून नाही. इतकी मोठी गोष्ट आपल्या आतही सतत चालू आहे आणि आपल्याला तिचा पत्ता नाही, याचा तो धक्का होता. पुढचे तीन दिवसही ती रोज गेली. आता कारण स्वतःलाही सांगायची गरज उरली नव्हती. बाईंना घरी सोडलं त्या दिवशी खांद्यावर नाण्याएवढं गुलाबी वर्तुळ होतं, आणि बाई आरशात मान वळवून बघत म्हणाल्या, "चला, एक तिकीट फाटलं माझंही."

घरी येऊन ती बाबांसमोर उभी राहिली. "उद्या शेवटचा दिवस आहे. कागद कुठे ठेवलेत?"

बाबांनी खिशातून काढले. ते कागद दोन आठवडे त्यांच्या खिशातच होते, घामाने कडा मऊ झालेल्या.

"आई म्हणते म्हणून जातेस का?" बाबांनी विचारलं. टाचणीला आश्चर्यच वाटलं. बाबा हे विचारतील असं तिला वाटलं नव्हतं. "का मी म्हणतो म्हणून? तसं असेल तर नको जाऊस."

"नाही," ती म्हणाली. "मला एक बघायचंय." याहून जास्त तिला सांगता आलं नाही, आणि बाबांनीही विचारलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. पहिल्या वर्षी ती एका विषयात नापास झाली आणि आठवडाभर जेवली नाही. दुसऱ्या खेपेला सुटली. आज ती भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात काम करते. आईच्या शेडमध्ये नऊ यंत्रं आहेत. टाचणी सुट्टीला आली की तिला तिथे चहा मिळतो, सल्ला द्यायची परवानगी मिळत नाही.

पण प्रवेशाच्या त्या शेवटच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. तिघंही गेली होती. बाबांनी रजा घेतलेली, आईने दुकान बंद ठेवलेलं. रांग फाटकापर्यंत. उन्हात अडीच तास उभं राहून ती खिडकीशी पोचली. आतल्या कारकुनाने फॉर्मवर नजर फिरवली. तो बाबांनी घरी बसून सुवाच्य अक्षरात भरला होता. आईने सहज डोकावून पाहिलं.

"हे काय लिहिलंय?" तिने बोट ठेवलं. आईचा व्यवसाय, या रकान्यात 'घरकाम' असं होतं.

"अगं, नेहमी तेच लिहितो," बाबा म्हणाले.

आईने कारकुनाच्या हातातलं पेन काढून घेतलं, त्या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं: कारखानदार. बाबा त्या शब्दाकडे, मग बायकोकडे बघत राहिले. कारकूनही.

"बाई, खाडाखोड चालत नाही," कारकून भानावर येत म्हणाला. "नवा फॉर्म भरा. आणि रांगेत या. शेवटी."

"येतो की," आई म्हणाली.

टाचणीने नवा फॉर्म घेतला. तिघं फाटकापाशी जाऊन शेवटी उभी राहिली. बाबांनी पाठ वाकवून पुढे केली आणि तिने त्यांच्या पाठीवर कागद ठेवून पहिल्या रकान्यात आपलं नाव लिहायला सुरुवात केली.